आईचा टी स्कोअर उणे २.७ : वजन उचलायचं की जपून राहायचं?

निशिगंध

नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी आहे. वय ६६, डोंबिवलीत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. फेब्रुवारीत मोरीत पाय सरकला, सावरायला हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालंय, हात बऱ्यापैकी चालतो. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी त्या निमित्ताने डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायला लावली. कंबरेच्या मणक्यांचा टी स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी, तो आकडा) उणे २.७, खुब्याचा उणे २.१. म्हणजे मणक्यात ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) आणि खुबा त्याच वाटेवर. आठवड्याला एक अ‍ॅलेंड्रोनेटची (हाडांची झीज रोखणारी) गोळी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सुरू झाली आहे. औषधांबद्दल शंका नाही, ती वेळेवर घेते.

शंका व्यायामाची आहे. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करत राहा." कोणता, किती, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. तेव्हापासून जो भेटेल तो वेगळं सांगतो. शेजारच्या काकू म्हणतात, आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. ठाण्याची मावशी म्हणते पोहायला घाल. बागेतल्या मैत्रिणी म्हणतात दहा हजार पावलं चाल, हाडं आपोआप भरतात. माझा भाचा जिमला जातो, त्याचा ट्रेनर म्हणाला आजीला घेऊन ये, डेडलिफ्ट (जमिनीवरचं जड वजन उचलून उभं राहणं) शिकवतो.

मला खरी काळजी आईच्या भीतीची वाटते. बाबा गेल्यावर सगळं घर एकटीने चालवलेली बाई आहे ती. आता दळणाचा डबा उचलायला शेजारच्या मुलाला हाक मारते. जिने चढावे लागतात म्हणून भाजीला खाली उतरणं बंद केलंय. पाण्याचा तांब्या भरतानाही डावा हात ओट्याला धरलेला असतो. हे मनगटाच्या दुखण्याने नाही, "मोडेल" या धास्तीने.

तर या वयात व्यायामाने हाड खरंच भरतं का, की फक्त झीज थांबते? उणे २.७ असताना वजन उचलणं योग्य आहे का? आणि घरच्या घरी सुरुवात कशी करायची? ज्यांना अनुभव आहे किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया लिहावं.

सायकलवारी

पोहण्याबद्दल तेवढं सांगतो. मी पुण्याचा, वय ७१. बँकेत असताना सायकलनेच ऑफिसला जायचो, निवृत्तीनंतर टिळक टँकवर पोहणं सुरू केलं, दोन्ही आजही चालू आहे. हृदयाचे रिपोर्ट उत्तम, दम लागत नाही. तरी डेक्सात खुबा उणे २.३ निघाला. डॉक्टरांनी समजावलं की पाण्यात शरीराचं वजन पाणी तोलतं आणि सायकलवर सीट. हाडावर भार पडतच नाही. व्यावसायिक सायकलपटूंचीसुद्धा मणक्याची घनता बऱ्याचदा कमी निघते म्हणे. तुमच्या आईंना पोहायला आवडत असेल तर जरूर पोहू द्या, पण हाडासाठी म्हणून त्यावर विसंबू नका.

मोगरा

निशिगंध, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून एकेरीत लिहिते. बाळा, वजनाच्या फंदात पडू नकोस. माझ्या जाऊबाईंनी दिवाणाखालची गादी ओढून काढली, वाकल्या वाकल्या वळल्या आणि पाठीत कट्‌ असा आवाज झाला. मणका चेपला. तीन महिने पट्टा लावून पडून होत्या, कूस बदलताना ओरडायच्या. आमच्या डोळ्यांसमोर बाई वाकून गेली. त्यांचाही स्कोअर उणे २.८ की काहीसा होता. चालणं, प्राणायाम, दूध, नाचणी एवढं पुष्कळ आहे. जिमवाल्या पोरांना वय कळत नाही.

कृष्णाकाठ

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. माझे बहुतेक पेशंट साठीपुढचे. त्यातल्या बायका माझ्यापर्यंत पोचतात त्या बहुधा खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर, वॉकर धरून. विचारलं की कळतं, आधीची कैक वर्षं घरच्यांनी त्यांना प्रेमाने "जप गं" म्हणत बसवून ठेवलेलं असतं. बसून मांड्या वाळतात, तोल जातो, जिना टाळला जातो आणि मग रात्री बाथरूमला जाताना पडणं होतं. म्हणून निशिगंध, तुमच्या आईचा स्कोअर वाचून मला जेवढी चिंता वाटली नाही तेवढी दळणाच्या डब्याचं वाचून वाटली.

माझं उत्तर असं की वजन उचलायचं. पण आधी एक तपासणी, मग उचलायची रीत शिकणं, आणि मग वजन.

का उचलायचं ते थोडं सविस्तर सांगते, कारण हे कळलं की भीती कमी होते. हाड जिवंत असतं. त्याच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी बारीक नळ्यांच्या जाळ्यात बसलेल्या असतात. हाडावर जोर आला की ते केसभर वाकतं, नळ्यांमधला द्रव सरकतो आणि पेशींना कळतं की इथे मजबुती हवी. भार पडतो तसं हाड घडतं, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडलं होतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच. उलट बाजूने पाहा : अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड तिथे वजनच नसल्याने महिन्याला एक ते दीड टक्का घटतं, ऐन उमेदीतल्या, तगड्या माणसांचं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की रोजच्या सवयीच्या भाराला हाड दाद देत नाही. आई कित्येक वर्षं चालतेय, त्यामुळे चालण्याचा भार हाडांच्या ओळखीचा झालाय. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं आहे, बंद करू नका. पण मणक्याची घनता नुसत्या चालण्याने वाढल्याचं अभ्यासांत फारसं दिसत नाही, खुब्याला थोडा आधार मिळतो इतकंच. हाडाला नेहमीपेक्षा जास्त भार लागतो, तोही थोडा वेळ आणि मध्ये विश्रांती देऊन. तासभर तेच ते करण्यापेक्षा मोजकं आणि जड काम त्याला जास्त लागू पडतं.

ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिफ्टमोर नावाचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५, सगळ्यांची हाडं कमी घनतेची, कित्येक जणी सरळ ऑस्टिओपोरोसिसच्या. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन ढकलणं आणि लोंबकळून खाली उडी टाकणं असे व्यायाम दिले. वजन म्हणजे खरोखर जड, प्रत्येकीच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांपुढचं, पाच-पाच वेळा पाच सेट. उरलेल्यांना घरी हलका व्यायाम. आठ महिन्यांनी जड वजनवाल्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, हलक्या व्यायामवाल्यांची १.२ टक्के घटली. दुखापत म्हणाल तर एकीच्या पाठीत थोडी चमक भरली, तेवढीच. मात्र पहिला महिना त्यांनी फक्त रीत शिकण्यात आणि अगदी हलक्या वजनात घालवला होता. तुमच्या भाच्याच्या ट्रेनरला हा पहिला महिना ठाऊक आहे का, हे विचारून घ्या.

आता मोगराताई. तुमच्या जाऊबाईंनी जे भोगलं ते मी अनेक घरांत पाहिलंय, आणि तुमच्या सांगण्यात या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे : "वाकल्या वाकल्या वळल्या". मणका पुढे गोल केला की सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. ती कड आतून पोकळलेली असली की चेपते, आणि मणका पाचरीसारखा होतो. गादीऐवजी पलंगाखाली गेलेली चप्पल काढतानाही हे होऊ शकतं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायकांवरचं निरीक्षण छापलं. ज्यांना पाठ मागे ताणायचे व्यायाम दिले होते त्यांच्यापैकी १६ टक्के जणींचे मणके नव्याने चेपले. ज्यांना पुढे वाकायचे, पोटाचे, उताणं झोपून उठून बसायचे असे व्यायाम दिले होते त्यांच्यात हे प्रमाण ८९ टक्के. काहीच व्यायाम न करणाऱ्यांत ६७. अभ्यास छोटा आहे, तरी मी हे आकडे माझ्या खोलीत भिंतीवर लावले आहेत. वजन उचललं म्हणजे मणका चेपतोच असं नाही. पाठ गोल करून, पीळ देऊन उचललं की धोका. काहीच न करणं हेही सुरक्षित नाही, हे त्या ६७ वरून दिसतं.

म्हणून आधी तपासणी. आईची लग्नाच्या वेळची उंची किती होती? स्थळ पाहताना सांगितलेली असते, बायकांना ती आठवते. आता भिंतीला उभं करून मोजा. फरक दीड इंचाच्या आसपास किंवा जास्त असेल तर पाठीचा बाजूने काढलेला एक्स-रे हवा, कारण मणक्याचे कितीतरी फ्रॅक्चर न दुखता होतात. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहिल्यावर डोकं मागे टेकतं का तेही बघा. साडीच्या निऱ्या अलीकडे खाली लोळतात का, ब्लाउज मागून वर चढतो का, हेही विचारा. पोक यायला लागलं की आधी कपडे सांगतात.

एक्स-रे ठीक असेल तर पहिलं शिकायचं ते कंबरेत न वाकता खुब्यात वाकणं. केरसुणीचा लांब दांडा पाठीवर उभा धरायचा. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला हवा. आता गुडघे जरासे सैल सोडून बसकण मागे न्यायची, जणू मागचं दार ढकलून बंद करायचंय. तिन्हींपैकी एक जागा सुटली की पाठ गोल झाली. हे जमेपर्यंत हातात काहीही द्यायचं नाही. आरशासमोर बाजूने उभं राहून करा, तुम्ही फोनवर व्हिडिओ काढून आईला दाखवा. बायकांना स्वतःची पाठ कशी वाकते याची कल्पनाच नसते.

मग वजन. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, मूठ असलेला. अर्धा पाण्याने भरला की अडीच किलो, पूर्ण भरला की पाच, कोरड्या वाळूने भरला की आठाच्या आसपास. कॅन जमिनीवर ठेवायचा नाही, गुडघ्याच्या उंचीच्या पाटावर किंवा स्टुलावर ठेवायचा. दोन पायांच्या मध्ये, अंगाजवळ. तिथून उचलून सरळ उभं राहायचं, उचलताना तोंडाने श्वास सोडायचा. आठ-दहा वेळा सहज जमलं आणि शेवटच्या दोन वेळा जड वाटल्याच नाहीत, तर पुढच्या आठवड्यात थोडं पाणी वाढवा. शेवटच्या दोन वेळा जड वाटल्या पाहिजेत, त्यासाठीच तर करायचं. पुढे आठ किलो हलकं वाटायला लागेल तेव्हा फिजिओकडे किंवा जाणत्या ट्रेनरकडे जाऊन बारबेल (दोन्ही टोकांना वजनं लावलेली सळई) धरायची. लिफ्टमोरचं वजन घरात, एकटीने करायचं नाही.

याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला हात लावून दंड, आणि पालथं झोपून छाती जराशी वर उचलणं. पाठीच्या स्नायूंसाठी हे शेवटचं फार मोलाचं. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

आणि तोल. खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे, त्यामुळे घनता वाढवून पडणं तसंच ठेवलं तर काय उपयोग? न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाने म्हाताऱ्या माणसांसाठी घरी करायचा पायांच्या ताकदीचा आणि तोलाचा कार्यक्रम तयार केला. त्याने पडणं ३५ टक्क्यांनी कमी झालं, आणि ८० च्या पुढच्यांना फायदा जास्त झाला. आईने ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहावं. दूध तापेपर्यंत उजवा, मग डावा. नंतर एका रेषेत, टाचेला बोटं लावत चालणं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर : उणे २.७ चा उणे १ होणार नाही. दोन-तीन टक्के वाढ कागदावर किरकोळ दिसते. पण या वयात हाड आपणहून वर्षागणिक घटत असतं, त्यामुळे टिकलं तरी ती कमाई आहे. शिवाय स्नायू आणि तोल यांचा लाभ डेक्सात दिसतच नाही. औषध मात्र चालूच ठेवायचं, व्यायाम त्याच्या जागी नाही.

प्राजक्त

कृष्णाकाठ, मी नाशिकला ज्येष्ठ महिलांचा योगवर्ग घेते. वर्गात सूर्यनमस्कार असतात, पश्चिमोत्तानासन असतं, काही जणी हलासनही करतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. तुमचं लिहिणं वाचून झोप उडाली. हे सगळं बंद करू का? त्यांना योग सोडायला सांगायचं माझ्याच्याने होणार नाही.

कृष्णाकाठ

प्राजक्त, योग सोडायचा नाही, निवड बदलायची. डेक्सात ऑस्टिओपोरोसिस आहे किंवा मणका चेपलेला आहे अशा जणींसाठी पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, सर्वांगासन आणि बसून जोरात पीळ देणं थांबवा. हलासनात मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांवर गोल अवस्थेत अंगाचा भार येतो, तो नकोच. सूर्यनमस्कारातलं पादहस्तासन आणि दंडासन, यांच्यात फरक करा. दंडासनात हातांवर वजन येतं, पाठ सरळ असते, ते उत्तम. पादहस्तासनाऐवजी पाठ सपाट ठेवून, हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून खुब्यात वाका.

भुजंगासन, अर्धशलभासन, सेतुबंध, वीरभद्रासन, उत्कटासन, भिंतीजवळ वृक्षासन, हे सगळं तुमच्याच पोतडीतलं आहे आणि हाडांना नेमकं हवं ते आहे. उत्कटासनात हातात अर्ध्या लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या द्या, हळूहळू लिटरच्या. वर्गात येणाऱ्या प्रत्येकीला एक विचारा : पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलंय का? हो म्हणाली तर डेक्सा करून यायला सांगा. तुमच्यासारख्या शिक्षिका हे विचारायला लागल्या तर आमच्याकडे वॉकर धरून येणाऱ्या कमी होतील, आणि मला तेच हवंय.

निशिगंध

कृष्णाकाठताई, तुमचे आभार कसे मानू. आईची उंची स्थळाच्या पत्रात ५ फूट २ इंच लिहिलेली, काल मोजली तर ५ फूट अर्धा इंच. डोकं भिंतीला टेकत नाही, दोन बोटं अंतर राहतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच एक्स-रे काढायला सांगितला. पाठीचा बारावा मणका पुढून थोडा चेपलेला आहे, जुना आहे म्हणाले. आईला आठवतच नाही कधी दुखल्याचं. मागच्या वर्षी लोणच्याची बरणी माळ्यावरून काढताना कळ आली होती, पण बाम लावून कामाला लागली होती.

आता काय करायचं? वजनाचं सगळं रद्द का? तिला गुडघेदुखीही आहे आणि बीपीची गोळी चालू आहे. रिपोर्ट ऐकल्यापासून ती अजूनच घाबरली आहे.

मोगरा

बघ, मी म्हणत होते. जपा गं तिला.

कृष्णाकाठ

मोगराताई, जपायचंच आहे, फक्त बसवून नाही.

निशिगंध, बरं झालं एक्स-रे काढला. मणका चेपलेला असणं म्हणजे आजार आपण समजत होतो त्यापेक्षा पुढे गेलाय, आणि एकदा चेपला की दुसरा चेपायची शक्यता वाढते. हा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. आठवड्याच्या गोळीवरच राहायचं की आणखी जोरकस औषध हवं, हा निर्णय त्यांचा आहे आणि या रिपोर्टने तो बदलू शकतो.

व्यायाम रद्द नाही. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन २०२२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलंय. मणका चेपलेल्यांनीही ताकदीचे आणि पाठीचे व्यायाम करावेत असंच त्यात आहे. बदल एवढाच की सुरुवात फिजिओसमोर करायची, उड्या आणि टाचा आपटणं वगळायचं, आणि त्याऐवजी झपझप चालणं ठेवायचं. तेव्हा कॅन सध्या बाजूला. पहिले काही आठवडे दांडा घेऊन खुब्यात वाकणं, खुर्चीतून उठणं, तोल, आणि पाठीचे व्यायाम. पालथं झोपणं जड गेलं तर उताणं झोपून, गुडघे वाकवून, डोकं आणि दोन्ही कोपरं गादीत दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. हे आजपासून, पलंगावर करता येईल. डोकं टेकायला उशी लागली तर घ्या, हनुवटी वर जाऊ देऊ नका.

गुडघ्यांसाठी खुर्ची उंच करा. चौघडी केलेली चादर किंवा पाट ठेवा. जेवढ्या उंचीवरून गुडघा न कुरकुरता उठता येतं तिथून सुरू करा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी चादरीची एक घडी कमी करा. मांड्या भरल्या की गुडघ्याचं दुखणं बहुतेकांचं कमी होतं. बीपी आटोक्यात असेल तर अडचण नाही. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, म्हणून उठताना मोठ्याने "एक, दोन" म्हणायला लावा. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

घरातल्या सवयी मात्र लगेच बदला. फडक्याने वाकून फरशी पुसणं बंद, उभ्याने पुसायची काठी आणा. खालच्या कप्प्यातलं जड सामान ओट्याच्या उंचीवर. माळा आईसाठी बंद. शिंक किंवा खोकला आला की एक हात टेबलावर किंवा मांडीवर टेकवायचा, पाठ सरळ. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने अंग वर ढकलायचं. उताण्यावरून सरळ उठून बसायचं नाही.

भीतीबद्दल. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने या डॉक्टरांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांनी काठी सोडली. ही माणसं वृद्धाश्रमातली, कित्येक दुखणी असलेली. आई ६६ ची आहे आणि तीन जिने चढू शकते. तिला हे माझ्या नावाने सांगा. आणि भाजीला पुन्हा खाली पाठवा, कठड्याला हात धरून, पाठीवर लावायची हलकी सॅक देऊन. जिना हाही व्यायामच आहे, तो तुम्हाला फुकट मिळालाय.

शेवंती

मी इचलकरंजीची, वय ७४. निशिगंध, तुमच्या आईला माझा निरोप द्या. माझाही एक मणका चेपलेला आहे. सत्तरीत फिजिओकडे गेले तेव्हा मुलीच्या आधाराशिवाय उंबरा ओलांडत नव्हते. सुरुवातीला त्यांनी मला नुसतं खुर्चीतून उठायला आणि लाटण्याएवढं हलकं काहीतरी धरायला दिलं, मला वाटलं याने काय होणार. आता वाळूचा कॅन उचलते, तोही अर्ध्याहून जास्त भरलेला. नवऱ्याने वर दोरीने खूण केली आहे, वाळू कुठवर आली ते कळायला.

फरक विचाराल तर एसटीच्या पायरीवर कळला. ती पहिली पायरी किती उंच असते ठाऊकच आहे. कंडक्टरचा हात न धरता चढते आणि उतरते. साडीऐवजी व्यायामाला पंजाबी ड्रेस घालायला लागले, पायात मागून पट्टा असलेली चप्पल, घरातसुद्धा. दारातली सुटी पायपुसणी काढून टाकली आणि मोरीच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवते. तुमच्या मोरीत रबरी जाळी घाला, आजच.

सायकलवारी

हे सगळं वाचून मी परवापासून खुर्ची आणि कॅन सुरू केलंय. एक शंका. सहा महिन्यांनी डेक्सा केली तर फरक दिसेल का? मुलगा म्हणतो लगेच करू.

कृष्णाकाठ

सहा महिन्यांत पैसे वाया जातील. जुनं हाड खरवडून त्या जागी नवं भरायच्या एका फेरीलाच चार ते सहा महिने लागतात, आणि मोजणीत थोडा इकडेतिकडे फरक यंत्राचाच असतो. साधारण एक ते दोन वर्षांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा करा, आणि त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर. दुसऱ्या यंत्राचा आकडा पहिल्याशी जुळवता येत नाही.

तोवर मोजायचं असेल तर खुर्ची आहेच. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता-उठता येतं ते वहीत लिहा, महिन्यातून एकदा. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ तरी जमायला हवेत, पुरुषाला १२. सत्तरीनंतर बायकांना १० चालतात. निशिगंध, आईचा पहिला आकडा तीन आला तरी हरकत नाही, तारीख घालून लिहून ठेवा. आणि मोजताना खुर्ची भिंतीला टेकवा, तुम्ही बाजूला उभ्या राहा.